पेठ वडगावच्या गोठ्यातली टर्बो गाडी

परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो आहे. नाशिकची बाई, पन्नाशी उलटलेली, जुनी गाडी बघायला एवढ्या लांब कोल्हापूरला कशाला गेली? शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्या ओळखीच्या चार पोरांनीसुद्धा तोच प्रश्न केला, आणि त्यांचं तोंड बंद करण्यासाठीच हे लिहायला बसले होते. लिहिता लिहिता ते वेगळंच झालं.

आधी माझ्याबद्दल. एका कारखान्याच्या तपासणी विभागात मी बावीस वर्षं काढली. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि बरोबर की चूक ते लिहायचं, हेच माझं काम. त्यानं स्वभाव बिघडतो. लग्नाच्या पंगतीतही पाट सरळ मांडलेत का ते मी बघते. नोकरी सोडल्यावर हातात वेळ आला आणि गाडीचं वेड, जे आधीपासून होतंच, ते मोकळं सुटलं. वर्षातून तीन-चार वेळा दक्षिणेतल्या ट्रॅकवर जाऊन भाड्याची गाडी चालवत होते. आता ट्रॅकसाठी स्वतःची हवी होती. नवी परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर नवी नकोच होती. वीसेक वर्षांपूर्वीच्या टर्बो गाड्यांत चालवणाऱ्याला अजून काहीतरी करायला शिल्लक असतं. मी शोधत होते त्या गाडीचं नाव इथे लिहीत नाही. देशात त्या मोजक्याच उरल्यात आणि नाव छापलं की विकणारे शहाणे होतात. कोल्हापूर भागात तशा दोन असल्याचं कळलं, म्हणून माझी रोजची साधी गाडी काढून गेले.

कोल्हापूर, रंकाळ्याच्या बाजूला

पहिली गाडी बघताक्षणी डोळ्यांत भरली. लाल रंग, नवे टायर, बॉनेट उघडलं तर आतलं इंजिन लग्नाच्या भांड्यांसारखं घासूनपुसून ठेवलेलं. विकणारा गृहस्थ तोंडानं गोड होता. ‘पावणं, आदी च्या घ्या, मग गाडी बघा,’ म्हणाला. बाईमाणसाला पावणं म्हणतात की नाही याच्या भानगडीत तो पडला नाही, मीही नाही.

चहा घेता घेता मी बॉनेटवर सहज हात ठेवला. पत्रा कोमट होता. म्हणजे मी यायच्या आधी गाडी चालवून गरम करून ठेवलेली होती. जुनी टर्बो गाडी बघायला जाणाऱ्यानं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं हे विसरू नये. टर्बोचे आतले भाग झिजले असतील तर रात्रभर तेल झिरपून साचतं आणि सकाळी पहिल्या किल्लीला मागून निळा धूर निघतो. गरम इंजिन ते पाप झाकून ठेवतं. मी तसं बोलून दाखवलं नाही. चालवून बघू म्हटलं. गृहस्थानं स्वतः बायपासला गाडी दणकून पळवली, परत आणली आणि त्याच क्षणी किल्ली फिरवून बंद केली. तिथं माझा निर्णय झाला.

ज्यांना टर्बो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा खेचून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलाच्या बारीकशा थरावर तरंगतो. गाडी जोरात पळवून एकदम बंद केली की तेल थांबतं, पण पंखा लालभडक तापलेलाच असतो. अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवून मग बंद करायचं, एवढीच त्याची मागणी आहे. ज्याला तेवढा धीर नाही त्याची गाडी मी फुकटसुद्धा घेणार नाही. गृहस्थाला नमस्कार करून निघाले.

संध्याकाळी दूध कट्ट्यावर गेले. भर वस्तीत म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. आमच्या नाशकात पिशवीतलं दूधसुद्धा दोनदा उकळून पितात. मी पेला हातात घेऊन जरा घुटमळले, तशी दूध काढणाऱ्या बाई मला म्हणाल्या, ‘प्या की, काय हुईत न्हाय.’ प्याले. काही झालं नाही.

पेठ वडगाव

दुसरी गाडी वडगावला विलासअण्णांच्या घरी होती. बाजारपेठेत त्यांचं पशुखाद्याचं दुकान आहे आणि घर गावाच्या कडेला. गाडी कुठं आहे विचारलं तर त्यांनी मला गोठ्यात नेलं. दोन म्हशी, एक रेडकू आणि त्यांच्या शेजारी ताडपत्रीखाली ती. त्यांनी ताडपत्री काढली. निळ्या रंगाची, रुंद खांद्यांची, मी फोटोत पाहिलेल्या सगळ्यांहून देखणी. उजव्या बाजूला बॉनेटचा रंग मात्र फुगून सोलवटला होता. ती बाजू जळली होती.

अण्णांनी काही लपवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा रणजित ट्रॅकवर ही गाडी चालवत असताना टर्बोची तेलाची नळी सुटली, तापलेल्या लोखंडावर तेल पडलं आणि पेट घेतला. आग विझवणारे लगेच धावले, पण दाराची कडी तापलेली असताना रणजितनं ती दोन्ही हातांनी ओढली होती. अण्णा एवढं सांगून थांबले आणि म्हणाले, ‘बोल्ट ढिला ऱ्हायलाता. मिस्त्रीनं ढिला ठेवलाता.’

तो मिस्त्री म्हणजे अण्णांच्या बायकोचा सख्खा भाऊ, दौलत. कोल्हापुरात उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप. गाडी त्यानंच बांधली होती. त्या दिवसापासून या घरानं त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. राखी नाही, भाऊबीज नाही. रेसिंगवाल्या लोकांत बातमी पसरली आणि त्यांनीही त्याच्याकडे इंजिनं द्यायची बंद केली.

मी माझ्या पद्धतीनं गाडी बघायला लागले. सांगाड्याच्या पुढच्या-मागच्या दांड्या सरळ होत्या. दारांखालचा पत्रा बोटाच्या पेरानं ठोकून पाहिला, आवाज टणक आला, गंज नव्हता. गोठ्यातल्या वाफेनं तांब्याच्या तारांवर हिरवं चढलं होतं, ते सगळं बदलावं लागणार. प्लग काढून आत थोडं थोडं तेल सोडलं आणि इंजिन पान्यानं हातानं फिरवलं. ते सुरळीत फिरलं. ट्रॅकसाठी जुनी गाडी घेताना मी ताकद बघत नाही, सांगाडा बघते. ताकद नंतर विकत मिळते. हा सांगाडा उत्तम होता आणि मला गाडी हवी होती, इतकी की मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

‘टर्बो काढून उघडून बघितल्याशिवाय मी घेणार नाही,’ मी म्हटलं.

‘उघडा की,’ अण्णा म्हणाले. ‘पन दौलतकडं न्हाय जायाचं. येवढी येकच अट.’

मी होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात रणजित डेअरीतून आला. तिथं तो दुधाचं फॅट तपासायचं यंत्र सांभाळतो. तिशीतला, शांत. दोन्ही तळव्यांची कातडी गुळगुळीत, चकाकणारी, आणि उजव्या हाताची बोटं अर्धीच मिटतात. स्टिअरिंग पकडता येत नाही, असं त्यानंच सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. बोल्ट सोडण्याचं काम मी केलं आणि तो टॉर्च काखेत धरून कुठला आधी, कुठला नंतर ते सांगत राहिला. त्याला प्रत्येक बोल्ट तोंडपाठ होता. एक काही केल्या हलेना. रॉकेल ओतून वाट बघावी लागली, आणि शेवटी सुटला तेव्हा माझ्या बोटांची सालटी घेऊन सुटला. म्हशीनं मध्येच शेपटीचा एक फटकारा माझ्या तोंडावर मारला. रणजित पहिल्यांदा हसला.

जेवायला घरात बोलावलं. ज्वारीची भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी, दही. आमच्याकडे पाहुण्याला ‘आणखी वाढू का’ विचारतात. इथं विचारत नाहीत, ताटात पडतंच. वाढत होत्या मंगलवहिनी, रणजितची आई. या भागातल्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असं पुरुषांसारखं बोलतात हे ऐकून होते, आता कानांनी ऐकलं. बोलल्या मात्र फार कमी. माझं जेवण होत आलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘ताई, उघडल्यावर समजतंय व्हय, कशानं झालं ते?’

मला माझ्या कामाचा गर्व आहे. मी म्हटलं, समजतं. लोखंड खोटं बोलत नाही, नीट बघितलं तर सगळं सांगतं. त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली आणि आत निघून गेल्या. मी ती खाल्ली. मला काहीच उमगलं नव्हतं.

उद्यमनगर

टर्बो गोणपाटात गुंडाळून दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेले. या भागाबद्दल मी ऐकलं होतं, पण बघण्यात वेगळी गंमत आहे. बोळाबोळांतून लेथ चालू, ओतकामाचा वास, आणि कुठलाही तुटका भाग घेऊन जा, दुकानदार तो हातात फिरवून ‘संध्याकाळी या’ म्हणतो. आमच्या नाशकात मोठे कारखाने आहेत, पण तिथं भाग तुटला तर कंपनीला पत्र लिहितात. इथं पत्र लिहायची रीत नाही.

पहिल्या वर्कशॉपमध्ये चहा मिळाला आणि सल्ला मिळाला: दौलत मिस्त्रीकडं जा. दुसऱ्यात चहा मिळाला आणि तोच सल्ला. तिसऱ्यानं गोणपाट उघडलंसुद्धा नाही. ‘ह्ये काम करनारा ह्या गावात येकच मानूस हाय, आनि तो आता करत न्हाय,’ असं म्हणून त्यानं बोटानं बोळाचं टोक दाखवलं.

मी गेले. अण्णांपुढे मी मान हलवली होती, म्हणजे शब्दच दिला होता, आणि तो मी मोडला. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा तिथून सुरू होतो.

दौलत मिस्त्री साठीचा, बारका, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. कडबा तोडायच्या यंत्राचं पातं घासत होता. दुकानात चारही बाजूंना कडबाकुट्टीची यंत्रंच होती, गाडीचा एकही भाग नव्हता. मी गोणपाट सोडलं आणि त्याचा हात थांबला. उठून तो मोरीत गेला, हात साबणानं धुतले, पुसले, परत आला, पण टर्बोला हात लावला नाही.

‘वडगावनं आनला व्हय?’ त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मी कोण, कशासाठी आले, तेही सांगितलं.

‘मला बगू दिलं न्हवतं,’ तो म्हणाला. ‘तवा लई वेळा सांगितलं, येकदा बगू द्या म्हनून. आता तुमीच बगा. वरच्या बोल्टावर माजी खूण हाय. ती कशी हाय तेवढं सांगा.’ आणि तो खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डिझेलच्या फडक्यानं मी काजळी पुसली. तेलाची नळी जिथं टर्बोला जोडलेली असते तो बोल्ट जागेवर होता, गोठ्यात मी त्याला हात लावला नव्हता. त्याच्या डोक्यावर छिन्नीनं मारलेली बारीक रेघ होती, आणि ती तशीच पुढे टर्बोच्या अंगावर उतरली होती. बोल्ट पूर्ण आवळल्यावर अशी रेघ मारतात. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात. ही रेघ अखंड होती. खिशातलं भिंग काढून मी दोनदा पाहिली. बोल्ट ढिला नव्हताच. नळी सुटली नव्हती, बोल्टाच्या जवळ तडकून तुटली होती. असं तडकायला प्रचंड थरथर लागते.

‘रेघ सरळ आहे,’ मी म्हटलं. ‘बोल्ट फिरलेला नाही.’

तो मागे वळला नाही. भिंतीला हात टेकून तसाच उभा राहिला, आणि मग खाली बसला. तीन वर्षं या माणसाला हे वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणायला एक परकी बाई यावी लागली. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढीशी काजळी पुसून रेघ बघायला कुणाला वेळ नव्हता.

मग टर्बो कशानं थरथरला, हा प्रश्न उरला. आता त्याचे हात चालू झाले. ते हात मी विसरणार नाही. कुठंही जोर नाही, प्रत्येक बोल्ट सुटला की उलट्या झाकणात ओळीनं मांडायचा. हवा खेचणाऱ्या बाजूचं कवच निघालं. पंख्याच्या पात्यांची टोकं वाकली होती, सगळी एकाच दिशेला, आणि दोन पात्यांची टोकं उडून गेलेली. बाहेरून काहीतरी टणक आत गेलं होतं. पंख्याचा तोल गेला, तशाच लाखाच्या वेगात तो फिरत राहिला, नळी तडकली, दांडा मोडला, तेल उडालं. एवढं मला वाचता येत होतं.

कवचाच्या आतल्या वळणात तेलाचा राप बसला होता. तो मी खरवडला आणि फडक्यावर पुसला. फडक्यावर गुलाबी डाग उठला.

मी मिस्त्रीकडे पाहिलं. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. टर्बोबरोबरच निघून आलेल्या, हवा आत नेणाऱ्या रबरी कोपराला बाजूची एक बारीक नळी फुटते, तिच्यात तो चिमटा घालत होता. चिमट्याला नखाएवढा तुकडा आला. एका बाजूनं तपकिरी साल, दुसऱ्या बाजूनं तेलानं पिवळा पडलेला. त्यानं तो नाकाशी नेला आणि माझ्या हातात दिला. सुकं खोबरं.

कोल्हापूरची फारशी माहिती नसूनही गुलाल आणि खोबरं एकत्र म्हणजे काय ते मी ओळखलं. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल आणि खोबरं उधळतात. गावातली नवी गाडी, नवा ट्रॅक्टर आधी तिथं जातो, मग कामाला लागतो.

मिस्त्रीनं सांगितलं ते असं. ट्रॅकची गाडी रस्त्यानं चालवत नेत नाहीत, टेम्पोत चढवून नेतात. निघायच्या दिवशी त्याची बायको दवाखान्यात होती, म्हणून तो बरोबर गेला नाही. हवेचा फिल्टर नवा होता, तो रणजित ट्रॅकवर गेल्यावर बसवणार होता. तोवर टर्बोचं तोंड उघडं राहू नये म्हणून मिस्त्रीनं त्यावर स्वच्छ फडकं बांधलं आणि सगळ्यांना बजावलं, हे सोडू नका. टेम्पो आधी जोतिबाला गेला. घरची सगळी बरोबर होती.

‘मंगलचं असंच असतंय,’ तो म्हणाला. ‘ट्रॅक्टर आनला तवाबी तिनं इंजिनालाच गुलाल लावलाता. वरच्या पत्र्याला लावून भागत न्हाय तिचं. आनि मी येवढं जपून येकच जागा झाकली. तिला वाटलं आसंल, दादानं झाकलंय म्हंजी ह्योच जीव हाय गाडीचा.’

त्यानं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातातून परत घेतला. ‘ह्ये तिला न्हाय सांगायचं.’

मी म्हटलं, तुमचं नाव गेलं, काम गेलं, आणि हे उत्तर माझ्या हातात आहे. बावीस वर्षांत मी एकही खोटा अहवाल लिहिलेला नाही.

‘आनि मी तिला लहानाची मोठी केलीय,’ तो म्हणाला. ‘माझं काय, मी कडबाकुट्टी करून खातोय. तिला त्या पोराचं हात रोज बगायचं हाईत, ताई. रोज भाकरी मोडून द्यायची हाय. रेघ दावा त्यास्नी. नळी तुटली म्हना. पुढचं न्हाय.’

मला तेव्हा काय वाटलं ते स्पष्ट सांगते. तो चुकतो आहे असं वाटलं आणि त्याच्यापुढे माझा अहवाल फार लहान वाटला. मी कबूल केलं. पण गुलाबी डागाचं फडकं आणि पंख्यासकट टर्बो मी गोणपाटात घातला, तुकडा त्याच्याकडे राहिला.

पुन्हा वडगाव

सकाळी ओसरीवर अण्णा आणि रणजित बसले होते. मी आधी अण्णांची माफी मागितली, तुमची अट मोडली म्हणून. ते काही बोलायच्या आत मी टर्बो जमिनीवर ठेवला आणि रेघ दाखवली. रेघ म्हणजे काय, ती सरकली नाही याचा अर्थ काय, हे शांतपणे सांगितलं. रणजित खाली वाकला. त्याला माझ्या समजावण्याची गरज नव्हती, त्याच्या लगेच ध्यानात आलं.

‘म्हंजी मामानं आवळलंतं,’ तो म्हणाला.

अण्णांनी चष्मा लावला, काढला. मग त्यांनी विचारलं, ‘मग कशानं झालं?’

‘नळी तडकली,’ मी म्हटलं. ‘थरथरीनं.’ एवढंच बोलले. खरं होतं, पण पुरं नव्हतं.

मंगलवहिनी दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, टर्बोकडे त्यांनी पाहिलंच नाही.

‘आत काय हुतं, ताई?’

‘जळलेलं तेल.’

‘आनि?’

अहवालात रिकामी जागा सोडायची मला सवय नाही, ती मी सोडली.

‘गुलाल हुता न्हवं?’ त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान वर केली. वहिनी उंबऱ्यावर बसल्या आणि जमिनीकडे बघत एका सुरात बोलत गेल्या. फडकं त्यांनीच सोडलं होतं. चिमूटभर गुलाल आणि खोबऱ्याचे दोन तुकडे आत टाकून त्यांनी ते होतं तसं परत बांधलं होतं, गाठसुद्धा तशीच. पोराचं भलं व्हावं म्हणून. अपघाताचा फोन आला त्याच दिवशी त्यांच्या मनात ते आलं होतं. पण दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, नळीचा बोल्ट ढिला असणार.

‘दादाचं नाव फुडं आलं,’ त्या म्हणाल्या, ‘आनि मी गप बसलो.’

गोठ्यातून रेडकू ओरडत होतं. अण्णांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघितलं.

रणजित आईजवळ जाऊन बसला. ‘फिल्टर मीच बसवलाता, आई,’ तो म्हणाला. ‘बोट घालून बगायचं असतंय आदी. मामानं शिकवलंतं. मी बगितलं न्हाय, घाई केली.’ मग तो म्हणाला, ‘ऊठ. मामाकडं जाऊ.’

मी माझ्या गाडीतून नेते म्हटलं. अण्णा आले नाहीत. त्यांना वेळ हवा होता असं दिसलं, आणि कुणी त्यांना आग्रहही केला नाही.

वाटेत वहिनी मागच्या सीटवर होत्या. जोतिबाचा डोंगर दिसला तेव्हा त्यांनी हात जोडले, नेहमीसारखे. ते बघून मला बरं वाटलं.

मिस्त्री दुकानातच होता. आम्ही तिघं दारात दिसलो तशी त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. ‘सांगू नका म्हटलंतं न्हवं?’

‘मी नाही सांगितलं,’ मी म्हटलं.

‘मला म्हाईत हुतं, दादा,’ वहिनी म्हणाल्या. ‘पैल्यापासनं.’

बहिणीच्या बाजूनं पुढे होऊन तो रणजितपाशी आला, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि उजेडाकडे केले. तळवे पाहिले. एकेक बोट धरून हळूच मिटवून बघितलं, कुठपर्यंत जातं, कुठं अडतं. उजव्या हाताची मधली दोन बोटं अडली, तिथं तो थांबला. रणजित लहान मुलासारखा उभा होता. मग मिस्त्रीनं मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

‘माझं नाव गेलं त्येचं काय न्हाय,’ तो म्हणाला. ‘पन तीन वर्सं मला ह्ये हात बगू दिलं न्हाईस.’

पदर तोंडाला लावून वहिनी तिथंच खाली बसल्या. मी बाहेर येऊन माझ्या गाडीत बसले; निळ्या गाडीच्या सौद्याचं बोलायचा तो दिवस नव्हता. मग आतून मोरीत पाणी पडल्याचा आणि कुणीतरी चहाचे पेले विसळत असल्याचा आवाज आला.